तालुक्याच्या गावात बँडचा पहिला कार्यक्रम: जागा, लाइन, आवाज आणि शेवटची एसटी

ब्रह्मपुरी, वणी, पुसद, आर्वी, दारव्हा. विदर्भात कॉलेजांची गावं बरीच आहेत आणि प्रत्येक गावात खोली घेऊन राहणाऱ्या पोरांमध्ये गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅडवाले चार-सहा जण निघतातच. ‘इथे लाइव्ह संगीत होतं’ अशी पाटी लावलेली जागा मात्र सापडत नाही. दर वेळी हॉल एकाचा, खुर्च्या बिछायतवाल्याच्या, मशीन साऊंडवाल्याची आणि परवाना ठाण्यातून, असं जुळवावं लागतं. खाली दिलेलं सगळं १५० ते २०० श्रोत्यांच्या पहिल्या कार्यक्रमासाठी आहे. एक गोष्ट आधीच ठरवून टाका: मोठ्या आवाजाच्या शर्यतीत उतरायचं नाही. छाती हलवणारा बेस गावाने वरातीत भरपूर ऐकला आहे. गाण्याचे शब्द शेवटच्या रांगेत कळले, तर तेच लोकांना नवं वाटतं.

१. तारीख: आधी एसटीचं वेळापत्रक, मग पंचांग

कॉलेजातली निम्मीअधिक मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून पासवर येतात. संध्याकाळी गाड्या सुटल्या की गाव रिकामं होतं. म्हणून बस स्टँडवर जा आणि चारही दिशांच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणा. त्यातल्या सगळ्यात लवकर सुटणाऱ्या गाडीच्या पाऊण तास आधी शेवटचं गाणं संपायला हवं. बऱ्याच ठिकाणी याचा अर्थ दुपारी १ ते ४ असाच होतो. संध्याकाळचा कार्यक्रम हवा असेल तर श्रोते होस्टेलचे आणि गावातले, हे गृहीत धरून खुर्च्या कमी सांगा. रविवार टाळा, पासवाली मुलं त्या दिवशी येतच नाहीत. आठवडी बाजाराचा दिवस वाईट नसतो, कारण काळीपिवळी उशिरापर्यंत मिळते. फक्त हॉल बाजाराला लागून नसावा.

महिना निवडायचा तर पौष. त्या महिन्यात लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात, त्यामुळे लॉन, बिछायत आणि साऊंड सर्व्हिस तिन्ही मोकळे असतात आणि भाव ऐकून घेतात. कॉलेजच्या गॅदरिंगचेही तेच दिवस. तुळशीचं लग्न आटोपल्यावरच्या मुहूर्तांमध्ये साऊंडवाला तुम्हाला हो म्हणेल, पण मोठी सुपारी आली की ऐनवेळी भाच्याला पाठवेल.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असाल तर आणखी एक बघा. दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे या पट्ट्यातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. शेजारच्या गावात नाटक असेल त्या रात्री तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही आणि त्यात रुसण्यासारखं काही नाही. १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, गणपती आणि दुर्गोत्सवाचे दिवस हे मंडळांचे. त्या दिवसांत स्वतःचा वेगळा कार्यक्रम लावण्यापेक्षा मंडळाच्या मंचावर वीस मिनिटं मागून घ्या.

२. जागा: टाळी वाजवून बघा

कॉलेजचं सभागृह, नगर परिषदेचं सांस्कृतिक भवन, समाज मंदिर आणि लॉन हे चार पर्याय सगळीकडे असतात. पाचवा पर्याय कॉलेजसमोरची चहा-नाश्त्याची कॅन्टीन. एक गिटार, एक कॅहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका), दोन माइक आणि एक बॅटरीवरचा स्पीकर, तीस-चाळीस श्रोते. नव्या बँडने आधी इथेच दोन-तीनदा वाजवावं असं माझं स्पष्ट मत आहे. मंचावर गेल्यावर कळणाऱ्या निम्म्या चुका इथे फुकटात कळतात.

हॉल बघायला जाल तेव्हा मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळी लगेच विरली तर उत्तम. ‘टर्रर्र’ असा लांबत जाणारा आवाज आला तर समोरासमोरच्या भिंती उघड्या आहेत, तिथे गाण्याचे शब्द एकमेकांत मिसळणार. टिनाचं छत आणि फरशी असलेल्या हॉलात हे हमखास होतं. उपाय बिछायतवाल्याकडेच मिळतो: मंचामागे आणि समोरच्या भिंतीवर जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या, जमल्यास मागच्या भिंतीला गाद्या टेकवून. पडदा भिंतीपासून वीतभर सोडून टांगा, चिकटवून टांगला तर फारसा उपयोग नाही.

क्षेत्रफळाचा हिशेब सोपा आहे. मधली वाट धरून एका खुर्चीला साधारण ७ चौरस फूट. १५० खुर्च्यांना १,०५० चौरस फूट, म्हणजे २५ बाय ४२ फुटांचा हॉल, आणि मंच त्याच्या बाहेर. जागेपासून ग्रामीण रुग्णालय, कोर्ट आणि शाळा किती लांब आहेत तेही पायांनी मोजा. तालुक्याच्या गावात हे सगळं एकाच रस्त्यावर असतं, आणि त्याचा संबंध पुढे परवान्याशी येतो.

३. वादक शोधा, ते गावातच आहेत

बँड म्हणजे गिटार आणि ड्रमसेटच, हे डोक्यातून काढा. भजनी मंडळात पेटी आणि खंजिरीवाले आहेत. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ऐकत वाढलेल्या पोराला लय शिकवावी लागत नाही. भीमगीतांच्या पार्ट्यांमध्ये तयार गायक आणि ढोलकीवाले असतात, वरातीत-मिरवणुकीत वाजणाऱ्या धुमालमध्ये ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाले, झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गनवाले. ही मंडळी रात्ररात्र वाजवतात आणि गायकाने सूर बदलला की न सांगता मागे येतात. एवढं मात्र आहे की त्यांचं हे पोट आहे. ‘तुम्हाला स्टेज मिळेल’ असं सांगून त्यांना फुकट बोलवू नका. मानधन ठरवा, बयाणा द्या, जाण्या-येण्याचं आणि जेवणाचं आधी बोला. इथे ताकाला जाऊन भांडं लपवलं तर पुढच्या वेळी फोन उचलला जात नाही.

पहिल्या कार्यक्रमाला दोनच बँड, प्रत्येकी ४० मिनिटं, म्हणजे आठ-नऊ गाणी. मधली अदलाबदल १० मिनिटांत व्हावी. लोक गाणं आवडलं नाही म्हणून कमी उठतात, तारा जोडायला वीस मिनिटं लागली म्हणून जास्त उठतात. म्हणून कीबोर्डचा स्टँड, ऑक्टोपॅड आणि बेसची जोडणी दोघांना एकच ठेवा.

४. परवानगी आणि कागद

खरं घोडं इथेच पेंड खातं, म्हणून १५ दिवस आधी सुरुवात करा. फाइलमध्ये हे लागेल:

– जागामालकाचं ना-हरकत पत्र किंवा बुकिंगची पावती. नगर परिषदेचा हॉल असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, भाडं आणि अनामत वेगवेगळं भरून दोन पावत्या.
– पोलिस ठाण्यात ध्वनिक्षेपकाच्या परवान्याचा अर्ज, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.
– दोन आयोजकांची आधार प्रत, फोटो, मोबाइल नंबर.
– साऊंडवाल्याचं नाव, पत्ता आणि सामानाची यादी.
– कॉलेजच्या नावावर कार्यक्रम असेल तर प्राचार्यांचं पत्र.
– मांडव टाकत असाल तर नगर परिषदेच्या अग्निशमन विभागात विचारणा.

अर्जात ‘बँडचा कार्यक्रम’ असं लिहू नका. ठाण्यात बँड म्हणजे वरातीचा बँडबाजा. मग मिरवणुकीचा मार्ग विचारतात आणि डीजेबद्दलची तंबी ऐकावी लागते. ‘वाद्यवृंदासह सुगम संगीताचा कार्यक्रम, बंद सभागृहात, दुपारी १ ते ४’ असं लिहा. एका ओळीत सगळं कळतं.

नियम माहीत असले तर साहेबांशी बोलणं सोपं जातं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर बंदी आहे. रुग्णालय, शैक्षणिक संस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. मोबाइलच्या अॅपवर मोजलेला आकडा अंदाजे असतो, तरी हद्दीवर उभं राहून एकदा मोजून ठेवा.

तिकीट लावू नका, निदान पहिल्यांदा. तिकीट आलं की सार्वजनिक करमणुकीच्या परवान्याचे प्रश्न येतात. शिवाय पुढच्या मुद्द्यातली सवलत जाते.

५. दुसऱ्यांची गाणी

स्वतःची गाणी असतील तर प्रश्नच नाही. दुसऱ्याचं गाणं मंचावर गायचं असेल तर शब्द आणि चालीच्या हक्कांसाठी आयपीआरएस ही संस्था परवाना देते. मध्यंतरात रेकॉर्ड वाजवायची असेल तर रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, त्यासाठी पीपीएलसारखी संस्था. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे केलेल्या सादरीकरणालाही आहे. प्रायोजकाच्या जाहिराती आणि बाहेरचे श्रोते आले की या सवलतीवर विसंबू नका. संतांचे अभंग सगळ्यांचे, पण अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते. हा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो.

६. लाइन

लाइनमनला दोन गोष्टी विचारा: हॉल कोणत्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहे आणि देखभालीसाठी लाइन कोणत्या वारी बंद ठेवतात. हे न विचारता छापलेल्या पत्रिका वाया गेल्याची उदाहरणं प्रत्येक तालुक्यात मिळतील.

आता भार मोजा. १५ इंची दोन अॅक्टिव्ह (आतच अॅम्प असलेले) स्पीकर, दोन मॉनिटर (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर), मिक्सर आणि वाद्यांचे अॅम्प मिळून सरासरी १,००० ते १,२०० वॉट धरा. मंचावर झोत टाकणारे सहा एलईडी पार दिवे, जास्तीत जास्त १५० वॉटचे, म्हणजे ९००. एकूण सुमारे २ किलोवॉट, २३० व्होल्टवर ९ अँपिअर. ५ केव्हीएचा जनरेटर साधारण ४ किलोवॉट देतो, त्यावर हे आरामात चालतं. बिछायतवाल्याने प्रेमाने जोडून दिलेले १,००० वॉटचे दोन हॅलोजन मात्र सगळी शिल्लक खाऊन टाकतात. ते नको म्हणा.

वायरमनकडून हे करून घ्या:

मल्टिमीटरने फेज-अर्थिंग आणि फेज-न्यूट्रल दोन्ही मोजा, दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचा खड्डा सुकलेला आहे किंवा तार सुटलेली आहे. आधी दुरुस्ती, मग कार्यक्रम. गिटारच्या तारांवर हात आणि माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात, त्याचं कारण बहुतेक हेच असतं. गिटारचा अॅम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, आणि अर्थिंग कुठेच धड नाही. सगळं साऊंडचं सामान एकाच बोर्डावरून घ्या, दिवे दुसऱ्या लाइनवर. बोर्डाआधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा ‘उपाय’ काही जण सांगतात. त्याने आवाज जाईल, एखाद्या दिवशी गायकही जाईल.

जनरेटर चेंजओव्हर स्विचवरूनच जोडा आणि मंचापासून चाळीस-पन्नास फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. मिक्सर आणि कीबोर्डला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस द्या, कॉम्प्युटरचा चालतो. लाइन जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या पंधरा सेकंदांत डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि सेव्ह न केलेली सेटिंग पुसली जाते. लॉनवर मीटर नसेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या. आकडा टाकणं ही विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी आहे, आणि बॅनरवर तुमचंच नाव असतं.

७. साऊंडवाल्याशी काय बोलायचं

‘भाऊ, साऊंड पाहिजे’ एवढंच म्हणाल तर १८ इंची डबल बेसचे चार डबे येतील. दीडशे खुर्च्यांच्या हॉलात ते सगळं गढूळ करतात. कागदावर यादी द्या:

१५ इंची दोन टॉप (श्रोत्यांकडे तोंड असलेले मुख्य स्पीकर), स्टँडसह. दोन मॉनिटर. १२ चॅनेलचा मिक्सर. गाण्याचे डायनॅमिक माइक ४, वाद्यांचे माइक ३, बूम स्टँड ६. डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज लांबच्या केबलवर नेण्याजोगा करणारी डबी) ६. माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबल सगळ्या चॅनेलना आणि स्पीकरना पुरतील एवढ्या, वर दोन जास्तीच्या. दुकानदार जिला पी-३८ म्हणतात त्या मोठ्या पिनच्या केबल ६.

चॅनेल असे वाटा: गायक १ आणि २, गिटार ३, बेस ४, कीबोर्ड ५-६, ऑक्टोपॅड ७-८, ढोलकी ९-१०, पेटी ११, निवेदक १२. खंजिरीला माइक लागत नाही, ती गायकाच्या माइकमध्येही शिरते. खंजिरीवाल्याला चार फूट मागे उभं करा.

डीआय बॉक्स नाही, असं उत्तर येण्याची शक्यता आहे. मग निदान दोन आणायला लावा, गिटार आणि बेससाठी. पी-३८ ची साधी केबल ५-६ मीटरपुढे नेली की वरच्या पट्टीचा बारीक आवाज गमावते आणि दिव्यांची गुणगुण पकडते. मिक्सर श्रोत्यांमागे ठेवायचा तर अंतर २० मीटरवर जातं, तिथे ती चालतच नाही. भाव ठरवताना गाडीभाडं, ऑपरेटर आणि जनरेटरचं डिझेल यात आहे की वेगळं, हे तीन प्रश्न विचारा. आणि वेळ पोहोचण्याची ठरवा, कार्यक्रमाची नाही. १ वाजताच्या कार्यक्रमाला सामान सकाळी ९ ला हॉलात.

८. मंच आणि मांडणी

१२ बाय १६ फुटांचा मंच पाच वादकांना पुरतो. त्याला ४ बाय ८ फुटांच्या १८ मिलिमीटर प्लायच्या सहा शीट लागतात, खाली तखत, उंची दीड-दोन फूट. तखतांचे पाय एकमेकांना दोरीने आवळून बांधा, नाहीतर ऑक्टोपॅडच्या प्रत्येक ठोक्याला गायकाचा माइक थरथरतो. वर सतरंजी, केबलवर टेप.

टॉप स्पीकर मंचाच्या पुढच्या कडेच्याही पुढे, बसलेल्या श्रोत्यांच्या डोक्याच्या वर, सात फुटांवर. माइक कधीही स्पीकरच्या पुढे येऊ नये. मॉनिटर गायकाच्या समोर, माइकच्या शेपटीकडे तोंड करून. माइक सुपरकार्डिऑइड (थोडं मागूनही ऐकणारा) असेल तर मॉनिटर थोडा तिरका. हॉल लांब आहे म्हणून मागे आणखी दोन स्पीकर लावण्याचा मोह होईल. आवाजाला एक फूट जायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो, त्यामुळे ६० फुटांवरच्या स्पीकरमधून शब्द आधी येतो आणि मंचावरून तोच शब्द मागाहून येऊन आदळतो. डिले (मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडायची सोय) लावता येत नसेल तर मागचे स्पीकर नकोत.

पेटीचा माइक भात्यासमोर ठेवू नका, फुसफुस येते. वरच्या जाळीपाशी, वीतभर अंतरावर ठेवा. ढोलकीला दोन्ही पुड्यांपासून चार बोटं सोडून एकेक माइक.

हवामानाचंही बघावं लागतं. पौषातल्या संध्याकाळी लॉनवर दव पडतं, ढोलकी उतरते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवली तर ब्रिजचा डिंक सुटतो. धानपट्ट्यात ऑक्टोबरात पांढऱ्या दिव्यांवर तुडतुड्यांचे थवे येतात आणि गायकाच्या तोंडात जातात. तिथे पिवळे दिवे लावा आणि एक मोठा पांढरा दिवा मंचापासून लांब, किड्यांसाठी.

९. साऊंड चेक

‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ने काहीच कळत नाही. गायकाला सगळ्यात वरच्या पट्टीचा अंतरा गायला सांगा.

ड्रम आधी, आवाज शेवटी, असा मोठ्या मंचांचा क्रम आहे. लहान हॉलात उलटं करा. आधी गायकाचा माइक शिट्टी येईपर्यंत हळूहळू वाढवा, मग बराच खाली आणा. हीच तुमची कमाल मर्यादा. बाकी सगळी वाद्यं या आवाजाखाली बसवायची, ढोलकी मोठी वाटली तर गायक वाढवायचा नाही, ढोलकी कमी करायची. गायकाच्या चॅनेलवर १०० हर्ट्झचा लो-कट (खालचा जाड आवाज कापणारं बटण) दाबा. हॉल घुमत असेल तर २५० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा.

कार्यक्रमात शिट्टी आली की ऑपरेटर आवाज कमी करतो, गायक घाबरून माइकची जाळी मुठीत धरतो आणि शिट्टी वाढते. जाळी झाकली की माइक सगळ्या दिशांनी ऐकायला लागतो. दांड्यालाच धरा, हे तालमीतच सांगा.

रिकामा हॉल जास्त घुमतो. माणसं बसली की घुमणं कमी होतं, तेव्हा पहिल्या गाण्यात पुन्हा कान देऊन बसवा. हे काम करायला एक जण शेवटच्या रांगेत उभा ठेवा. त्याने ऑपरेटरला एकच खूण करायची: शब्द कळतात की नाही.

१०. कार्यक्रम चालू असताना

पहिलं गाणं सगळ्यांच्या तोंडातलं, तेव्हाच आवाज जुळतो. नवं, स्वतःचं गाणं तिसरं किंवा चौथं.

पाहुण्यांचे सत्कार आधी ठेवले तर अर्धा तास जातो, नंतर ठेवले तर पाहुणे नाराज. दोन बँडमधल्या दहा मिनिटांत ठेवा. मागे तारा बदलतात, पुढे शाल-श्रीफळ होतं, निवेदकाला वेगळा माइक आहेच. मुलींच्या होस्टेलच्या वेळा निवेदकाच्या कागदावर लिहून द्या आणि शेवटच्या गाण्याआधी बसच्या वेळा माइकवरून सांगा.

‘एक फर्माइश’ म्हणून चिठ्ठ्या येतील. न बसवलेलं गाणं घेऊ नका.

११. संपल्यावर

खुर्च्या मोजून परत करा, फुटलेल्या बिछायतवाल्याला स्वतःहून दाखवा. केबल कोपरावर गुंडाळू नका, आतली तार पिळून तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा घ्या. वादकांचं मानधन मंचावरून उतरताच हातात द्या, साऊंडवाल्याचं सामान गाडीत चढल्यावर. अनामत परत घ्यायला पावतीची मूळ प्रत लागते, झेरॉक्स चालत नाही. शिक्क्याचा अर्ज त्याच फाइलमध्ये जपून ठेवा, पुढच्या अर्जाला ‘मागील कार्यक्रमाची परवानगी’ म्हणून तोच जोडायचा आहे.